पुरं आयकून घ्या न जी

“बंद करा! आधी ते बंद करा!”

मुलाचे वडील उभे राहून ओरडत होते. एका हातात अर्धा खाल्लेला आलूगुंडा, म्हणजे आमच्याकडचा बटाटेवडा, दुसऱ्या हाताचं बोट आमच्या बैठकीतल्या सीडी प्लेअरवर रोखलेलं, जणू काही तो प्लेअर संधी मिळताच खिडकीतून उडी मारून पळणार होता. ते सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मॅनेजर होते. भट्टीशेजारी उभं राहून हुकूम सोडायची सवय, त्यामुळे त्यांनी साधं “पाणी द्या” म्हटलं तरी रायपुरातल्या आमच्या तात्यापाऱ्याच्या चौकातला पानवाला ग्लास विसळायला घ्यायचा. त्या दिवशी तर ते चिडले होते. त्यांच्या आवाजानं आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक थांबला. आई म्हणते, तो आधीपासूनच बंद होता. आईला गोष्ट सांगता येत नाही.

सीडीवर गळा काढून गात होते ती मी. आणि चहाचा ट्रे धरून, मान खाली घालून, फिक्या गुलाबी साडीत दाराशी उभी होते तीही मीच. म्हणजे त्या खोलीत माझे दोन नग हजर होते, आणि ज्या नगाला पाहायला पाहुणे आले होते त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

“आम्ही मुलगी पाहायला आलो इथे! हा गोंगाट ऐकायला नाही!”

“मुलगीच तर आयकून राहिले तुम्ही,” कोपऱ्यातल्या वेताच्या मोढ्यावरून काका म्हणाले. “काहून बंद करता जी? चौथंच गाणं आहे. अजून पुष्कळ बाकी आहे. बसा. गुंडा गरम आहे तवर खाऊन घ्या. पुरं आयकून घ्या न जी.”

आता हे काका कोण, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मॅनेजरसाहेबांना तसंच उभं राहू द्या. माणूस दणकट आहे, राहील उभा.

आम्ही सगळे त्यांना पार्सलकाका म्हणायचो. उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढला होता आणि निवृत्त झाल्यावर रायपुरातल्या मराठी घरांची लग्नं जमवायला घेतली होती. त्यांच्या मते कामात काहीच फरक नव्हता. “इथला माल तिथं पोचवायचा, अन् वाटेत फुटू द्यायचा नाही,” एवढंच. अंगाला गोणपाटाचा आणि लाखेचा वास यायचा, निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी. येत कायम मागच्या दारानं. पुढचं दार सताड उघडं असलं तरी सगळ्या घराला वळसा घालून, मोरीतून, आईच्या घासलेल्या भांड्यांना ओलांडून. कारण विचारलं तर म्हणत, “पार्सल कधी पुढच्या दारानं आलेलं पाहिलं का तुम्ही?”

माणसाची ओळख झाली की ते त्याच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, खोकं भरलेलं आहे की पोकळ हे बघायला. माझ्या बाबांना टकटक केलं तेव्हा म्हणाले, “भरलेलं आहे, पण झाकण खिळ्यांनी ठोकलं आहे.” आमच्या बँडच्या ड्रमरला टकटक केलं तेव्हा नुसते त्याच्याकडे करुणेनं बघत राहिले. काकांचा डावा कान इंजिनाच्या शिट्ट्यांनी खाल्लेला. “डावा रेल्वेले देऊन टाकला, उजवा तुमच्यासाठी ठेवला,” असं म्हणून ते बोलणाऱ्याच्या तोंडाशी उजवा कान असा आणून धरायचे की समोरच्याला वाटावं आपण आता यांना चावणार.

आमच्या घरी ते आले तेव्हा छत्तीसगढ नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. राजधानी झाल्यापासून रायपुरात दोन गोष्टी सारख्या चालू होत्या: खोदकाम, आणि मुलांचे भाव चढणं. मंत्रालयात कारकून लागलेला पोरगाही आता आपल्याला सचिवाच्या हिशेबात मोजत होता. खोदकामाचा मात्र आम्हाला फार उपयोग झाला. आमचा बँड तात्यापाऱ्यातच, ड्रमरच्या वडिलांच्या भांड्यांच्या दुकानामागच्या गोदामात सराव करायचा. ड्रमरनं पहिला ठोका दिला की वरच्या फळीवरची झाकणं आपोआप झांजा वाजवायची. पाऱ्यातले लोक कावून नगर निगममध्ये तक्रार करायचे की आमच्या गल्लीत काहून पाइप टाकून राहिले? एकदा खरंच एक माणूस आला आणि रस्ता कुठे खोदलाय ते शोधून, न सापडल्यानं खजील होऊन गेला.

बँडचं नाव ‘उलटा पंखा’. पहिल्या अल्बमबद्दल आम्ही आपसांतसुद्धा बोलत नाही. दुसरा ‘सिलतरा साइड’. ही आमच्या आयुष्याची कमाई होती. सगळा त्या गोदामातच रेकॉर्ड केला, खऱ्या पितळेच्या, स्टीलच्या, ॲल्युमिनियमच्या साथीनं. चौथं गाणं त्यातलं सगळ्यात लांब. सिलतऱ्याकडून वारा सुटला की छतावर जी काळी धूळ उतरते, तिच्यावरचं. माझ्या आईचे वाळत घातलेले पापड पाहून मी ते लिहिलं होतं:

धुतलं पांढरं, वाळलं काळं,
पापडावरती उतरलं आभाळ.

पुढे चादरी, तुळस, शेजारच्यांचं पांढरं मांजर, जे जे काळं होतं ते ते सगळं गाण्यात घातलं होतं. मग ड्रमर पितळी घागरीवर एकच ठोका द्यायचा, आणि त्यानंतर मी पुन्हा बराच वेळ ओरडायची. हा शेवटचा भाग कापावा असं ड्रमरचं मत होतं. माझं मत असं होतं की ड्रमरलाच कापावं.

अल्बम निघाला. निघाला म्हणजे गोदामातून निघाला आणि दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसला. कुणी घेईना, तेव्हा प्रेशर कुकरवर एक सीडी मोफत ठेवली. पहिला श्रोता म्हणजे एक बाई. तिसऱ्या दिवशी सीडी परत घेऊन आली आणि म्हणाली, “ये रख लो भैया, इसके बदले में झारा दे दो।” हा आमच्या अल्बमवरचा पहिला अभिप्राय. ड्रमरनं तिला झारा दिला. वर एक कालथाही दिला. बिचारीनं ऐकलं तरी होतं!

आणि इकडे घरी बाबांनी अट घातली. बाबा सरकारी खात्यात, कमी बोलणारे. त्यांचं वाक्य म्हणजे सही-शिक्क्याचा कागद. “लग्न ठरेपर्यंत काय वाजवायचं ते वाजवा,” ते म्हणाले. “साखरपुडा झाला की गिटार माळ्यावर. दुसऱ्याच्या घरी जाऊन हे चालणार नाही.” मी गिटार हातात घेतली की ते चपला घालून बूढा तालाबाकडे फिरायला जायचे. त्या दिवसांत त्यांनी तालाबाला इतक्या चकरा मारल्या की तिथले बगळे त्यांना ओळखून वाट द्यायचे. अल्बम त्यांनी ऐकलाच नव्हता. “मला त्यातलं कळत नाही,” एवढं म्हणून विषय मिटवला होता.

तर आईनं पार्सलकाकांना बोलावलं. ते मोरीतून आले, माझ्या पाठीवर टकटक केलं आणि उजवा कान पुढे करून विचारलं, “काय येते तुले, पोट्टे?”

“ओरडता येतं,” मी म्हटलं. मी तेव्हा फार फणकाऱ्याची होते. अजूनही आहे, पण आता गुडघे दुखतात.

“दाखव.”

मी सीडी हातात ठेवली. आईनं कपाळाला हात लावला. काका ती घेऊन गेले आणि आठवडाभरानं परत आले. चेहरा ओढलेला. “आयकली,” ते म्हणाले. “पुरी आयकली. काहीच समजलं नाही बापा. घरात पाल होती, ते सोडून गेली.” मग आईनं मोठ्या मेहनतीनं लिहिलेला माझा बायोडाटा त्यांनी दोन बोटांत धरून परत केला. “हे ठेवा तुमच्यापाशी. याच्यात सगळ्याच पोट्ट्या गोऱ्या असते, सगळ्याच गृहकृत्यदक्ष असते. वरची चिठ्ठी वाचून माल घेतला की मंग झगडे होते. पाहुणे आले की आपण हे लावू. पुरं. मधात बंद करायचं नाही. जो शेवटपर्यंत बसला, तो बसला. जो उठला, तो आजच उठला हे चांगलं झालं न?”

“आणि तोवर आम्ही काय करायचं?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही मुलीचे वडील. तुम्ही पाहुण्यांपाशी बसायचं,” काका म्हणाले. “पाहुणे घरात असताना मुलीचा बाप बाहेर फिराले गेला, असं कुठं असते का साहेब?”

 असं खरंच कुठं नसतं.

काकांनी बाकीची व्यवस्थाही स्वतःच ठरवली. पोहे बंद. “पोह्याले चमचा लागते. चमचा प्लेटीवर वाजते. तो आवाज गाण्यात येते.” पोह्यांऐवजी आलूगुंडे, चौकातल्या गाडीवरचे, कढईतून काढल्या काढल्या. त्यामागेही शास्त्र होतं: गरम आलूगुंडा तोंडात असला की माणूस पहिल्या गाण्यात मत देऊ शकत नाही. मत नाही दिलं तर ऐकतो. आणि सगळ्यांत मोठं शास्त्र म्हणजे, काका कधीही कुणाला “कसं वाटलं?” असं विचारत नसत. “तोंडाले काय विचारायचं? तोंड पाहुणचाराचं मीठ खाऊन बसलं असते. हाताकडे पाहायचं. गुंडा हातात तसाच राहून गार झाला, म्हणजे गाणं आत गेलं. गुंडा संपला अन् दुसरा मागितला, म्हणजे माणूस गुंड्यासाठीच आला होता.”

एकदा मीच विचारलं होतं, “काका, पुरं ऐकायचा एवढा हट्ट कशाला? दोन गाणी लावून भागेल की.”

 ते म्हणाले, “ऑफिसात रेडिओ होता आमच्या. उभ्या नोकरीत मी एक गाणं पुरं आयकलं नाही. अर्ध्यात गाडी ये. गाडी गेली की गाणं गेलं. घरी येऊन बायकोले विचारो, त्या गाण्याचं शेवटी काय झालं व? ती म्हणे, गाण्याचं काय होते, संपते.” मग माझ्याकडे बघून, “संपते, हे मले माहीत आहे. पण आयकल्यावर संपावं न.”

तर असे आमच्या अल्बमला श्रोते मिळायला लागले. दर रविवारी. मोठमोठ्या शहरांतल्या बँडना काय मिळत असतील ते असोत, पण इतकं लक्ष देऊन ऐकणारे श्रोते हिंदुस्थानात कुणाला मिळाले नसतील. ही माणसं आयुष्यभरासाठी काहीतरी घरी न्यायला आलेली होती. त्यांच्या कानातून सूर काय, श्वाससुद्धा सुटत नसे.

समता कॉलनीतून दातांचा डॉक्टर आला. दुसऱ्या गाण्यात मी जिथे वरचा स्वर लावते तिथे तो एकदम पुढे झुकला आणि माझ्या जबड्याकडे बघत म्हणाला, “दुखतं का?” त्याची आई मोठी चोखंदळ. ती म्हणाली, “आवाज चांगला आहे हो. आमचं घर तीन मजली आहे, हाक मारायची सोय होईल. पण शब्द समजत नाहीत. अन् मागे कोणी भांडी घासून राहिलं का?” मंत्रालयातल्या एकानं सगळा अल्बम ऐकून घड्याळाकडे बघत “नाइस” म्हटलं. काकांनी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन सांगितलं, “कटला. नाइसवाला माणूस धोक्याचा. बायकोच्या भाजीलेही नाइस म्हणल अन् हॉटेलात जाऊन जेवल.” रेल्वे कॉलनीतल्या एका स्थळाबरोबर आजोबा आले होते. ते पहिल्याच गाण्यात झोपले ते चहा झाल्यावर उठले. मी हिरमुसले, तर काका म्हणाले, “अवं, हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. अनोळखी घरात, एवढ्या कल्ल्यात म्हातारं माणूस झोपलं! भरवसा वाटला त्याले.”

खरं सांगायचं तर काकांचं निदान निम्म्याहून जास्त वेळा चुकायचं. त्यांनी जमवलेला एक नवरदेव सप्तपदीच्या सहाव्या पावलाला पळून गेला होता, आणि काका अजून म्हणायचे की पाठीवर टकटक केलं तेव्हा तो भरलेला वाटला होता. पण दर रविवारी दुपारी मी साडी सोडून गोदामात पळायची तेव्हा ड्रमर एका उलट्या पातेल्यावर बसून वाट बघत असायचा. मराठी घरातला पोरगा, पण बोलायचा हिंदीतच.

“दीदी, रिव्ह्यू क्या आया?”

“भांडी ऐकू येतात म्हणे.”

“मतलब मिक्स में भांडे साफ़ हैं!” तो खूष.

“शब्द समजत नाहीत म्हणे.”

यावर तो दुःखी व्हायचा आणि मी चिडायची. पण घरी येऊन आरशासमोर उभी राहून मी शब्द नीट म्हणायला शिकले ते त्या डॉक्टरच्या आईमुळे. आज कुठेही गायला उभी राहिले की मागच्या रांगेत ती बाई बसली आहे असं धरून मी पहिली ओळ म्हणते. आम्हाला कुणी शिकवलं नाही, कुणी बोलावलं नाही, कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आमचं सगळं शिक्षण माझ्या दाखवण्याच्या कार्यक्रमांत झालं. स्थळं मला नाकारत होती आणि बँड सुधारत होता. नकार मिळाल्याचा आनंद व्हावा अशी कला जगात दुसरी नसेल.

आणि बाबा? बाबा दर वेळी त्याच वेताच्या खुर्चीवर, पाहुण्यांच्या शेजारी, कुलूप लावल्यासारखे बसायचे. नजर समोरच्या कॅलेंडरवर. पाहुणे गेले की काका त्यांच्याकडे एकदा बघायचे आणि बाबा न विचारताच सांगायचे, “मी ऐकत नाही. मी फक्त बसतो.”

“हव,” काका म्हणायचे. “बसा न जी. बसणं महत्त्वाचं.”

पण मॅनेजरसाहेब उभे आहेत, त्यांच्याकडे यायला हवं.

हे स्थळ बाबांना मनापासून पटलं होतं. चांगलं घर, नागपूरकडचे लोक, मुलगा शिकलेला आणि निर्व्यसनी. फोनवरच त्यांनी विचारलं होतं, “मुलगी लग्नानंतर स्टेजवर वगैरे जाणार नाही ना?” आणि बाबांनी सांगून टाकलं होतं, “नाही. ते बंद होईल.” हे मला आदल्या दिवशी आईनं कणीक तिंबताना सांगितलं, तोंड वर न करता. म्हणजे या रविवारी त्यांनी होकार दिला असता तर सोमवारी गिटार माळ्यावर जाणार, हे ठरल्यात जमा होतं. ड्रमरला मी हे सांगितलं. त्यानं नुसती घागर पुसून फळीवर पालथी ठेवली.

पहिली तीन गाणी मॅनेजरसाहेबांनी सोसली. चौथं लागलं आणि ‘पापडावरती उतरलं आभाळ’ ही ओळ आली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे आभाळ कुठून येतं. म्हणजे त्यांच्याच धुराड्यातून. मग ते उठले. मग ते ओरडले. मग लंबक थांबला.

“आमच्याच घरात... म्हणजे तुमच्याच घरात बोलावून आम्हालाच ऐकवता?” ते बाबांवर वळले. “तुम्ही फोनवर काय सांगितलं होतं? बंद करा म्हणतो न मी!”

बाबा उठले. मला वाटलं, झालं. ते प्लेअरकडे दोन पावलं गेलेसुद्धा.

“बसा खाली.”

हे बाबांना नव्हतं, मॅनेजरसाहेबांना होतं. बोलली होती ती त्यांची बायको. आल्यापासून पदर सावरून ही बाई सोफ्याच्या टोकावर अशी बसली होती की मी तिला चहा द्यायलाच विसरले होते. तिचा आलूगुंडा तिच्या हातात तसाच होता.

“काय?”

“बसा म्हणते न मी. माझं गाणं चालू आहे.”

“तुझं गाणं?”

“मंग कोणाचं?” ती एकदम इतक्या वर्षांचं साचलेलं बोलायला लागली. “क्वार्टरच्या छतावर मी पापड टाकते, संध्याकाळपावेतो तीळ लावल्यासारखे होते. अन् तुम्ही जेवाले बसले की काय म्हणता? ‘तुझ्या हातानं मिरी जास्त पडली.’ दर वर्षी! दर वर्षी मी मिरी कमी करून राहिली. आता माझ्या पापडात मिरीच उरली नाही, अन् तरी तुम्ही म्हणता जास्त पडली!”

 मुलगा, ज्याचा आवाज आम्ही तोवर ऐकलाच नव्हता, खाली बघत हळूच म्हणाला, “पापा, बात तो सही है।”

मॅनेजरसाहेब बसले. माणसाला गुडघे असतात हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. काका मोढ्यावरून उठले, प्लेअरपाशी गेले आणि फार गंभीरपणे म्हणाले, “मधात बोलणं झालं. गाणं कटलं. सुरवातीपासून लावतो.”

आणि चौथं गाणं, सगळ्यात लांब गाणं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. चादरी काळ्या झाल्या, तुळस काळी झाली, मांजर काळं झालं. ती बाई गुडघ्यावर बोटानं ठेका धरून होती. घागर वाजली तेव्हा तिनं डोळे मिटले. मग माझं ते लांबलचक ओरडणं सुरू झालं आणि मला जन्मात पहिल्यांदा वाटलं की ड्रमरचं काहीतरी म्हणणं होतं, काय होतं बरं?

सगळा अल्बम संपेपर्यंत कुणी उठलं नाही. जाताना मॅनेजरसाहेब दारात म्हणाले, “कळवतो.” आपल्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो. बाईंनी मात्र प्लेअरमधली सीडी काढून मागितली आणि पर्समध्ये, रुमालात गुंडाळून ठेवली. पुढे कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या सगळ्या बायकांनी, वर मोफत मिळणाऱ्या सीडीसाठी, प्रेशर कुकर बदलले. भांड्यांच्या दुकानात इतके कुकर एका मोसमात कधीच खपले नव्हते, असं मी सांगते, आणि ड्रमर अजून तरी नाही म्हणालेला नाही.

माझं लग्न नंतर झालं, पण काकांच्या हातून नाही. काका तरी आले, लग्नाच्या हॉलच्या मागच्या दारानं, आचाऱ्यांच्या कढयांमधून वाट काढत, आणि नवरदेवाच्या पाठीवर टकटक करून मला म्हणाले, “पाहू.” आता ते नाहीत. त्यांची आठवण आली की मला वाटतं, या माणसाला सूर कळत नव्हता, ताल कळत नव्हता, अर्धं ऐकूही येत नव्हतं. आणि तरी आमच्यासाठी एवढे कान त्यानं गोळा केले. त्यातला एक कान असा होता की बाकी सगळे फक्त त्याच्यासाठीच बोलावले होते की काय, अशी मला शंका आहे. त्यांना विचारलं असतं तर “माल पोचला न?” असं म्हणून ते मोरीतून निघून गेले असते.

कारण त्या दुपारी पाहुणे गेल्यावर आई प्लेटा उचलत होती. मी ट्रे घेऊन तशीच उभी होते. फोनवर दिलेला शब्द, दारातला तो “कळवतो”, सगळ्याचा राग आता माझ्यावर आणि माझ्या गिटारवर निघणार, म्हणून मी बाबांकडे बघायचं टाळत होते. काका वेताच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. बाबांच्या हातात एक आलूगुंडा होता. एकही घास न घेतलेला. काकांनी तो त्यांच्या बोटांतून हलकेच काढून घेतला, दाबून पाहिला आणि जन्मात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

“साहेब, कसं वाटलं?”

बाबांनी कॅलेंडरवरची नजर काढली नाही.

“चौथं गाणं लांब झालं,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी घागर वाजली की थांबवा.”